अंबूबाईची उन्हाळी

अंबूबाई खडखडीत बरी झाली. पण हे अजून घडायचं आहे, तेव्हा आपण काही ऐकलंच नाही असं धरून चालू.

लढाई संपून तिचा नवरा नाथाजी पलटणीतून घरी आला, त्या वर्षी उंब्रजजवळच्या त्यांच्या वस्तीवरचा ऊस लवकर तुटला. गुऱ्हाळं पेटली, पुरुष खूश झाले. बायकांना घोर लागला. रानात बसायला त्यांचा आडोसा म्हणजे तो ऊसच. तो गेला की रान तळहातासारखं उघडं. मग अंधार पडेपर्यंत जायचं नाही, आणि जावं लागू नये म्हणून पाणी प्यायचं नाही, अशी रीत. या व्रतात अंबूबाई सगळ्यांच्या पुढं. तिला उन्हाळी लागली. लघवीला आग, घडीघडीला कळ, आणि येणार थेंबभर. सासूनं धने भिजवून पाणी दिलं. पण तेही पाणीच, म्हणून अंबूबाईनं नुसतं जिभेला लावलं. ताप भरला, पाठ धरली, तेव्हा नाथाजीनं तिला साताऱ्याला नेलं.

"पाणी किती पिता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"तांब्याभर."

"दिवसाला?"

"दिवसा कशाला पिऊ? दिस बुडाल्यावर."

बाईंनी समजावून सांगितलं. लघवी तुंबवली की जंतू वाढतात, वर चढून मूत्रपिंड धरतात, मग जिवावर बेततं. गोळ्या दिल्या. पाणी कमी पडलं तर याच गोळ्यांची आत खडी साचते, हेही बजावलं. "सारखं पाणी प्यायचं आणि आली की जायचं. आग थांबली तरी गोळ्या सोडायच्या नाहीत."

"आन् जायचं कुठं?"

बाईंनी औषधाच्या चिठ्ठीकडं पाहिलं. तिच्यात तेवढं नव्हतं.

"आमी लढाईत वाळवंटात आडोसं उभं केल्यात," नाथाजी परतताना म्हणाला. "तुझं काय घिऊन बसलीस."

माधवनगरच्या गिरणीतल्या मेहुण्यानं लाल कापडाचा तागा पाठवला होता. चार काठ्यांना तो गुंडाळला, चार जावांनी चार कोपरे धरले, मधे तांब्या घेऊन अंबूबाई. भर दुपारी तो लाल चौकोन रानाकडं निघाला.

पारावर बसलेल्या, वस्तीतल्या थोरल्या लालासाहेबांनी ते पाहिलं आणि पागोटं सावरून हात जोडले. "कुठली देवी म्हनायची रं, नाथाजी?"

"आत्ताच साताऱ्यासनं आणलीया," नाथाजी म्हणाला. त्याला खोटं बोलायची सवय नव्हती.

दुसऱ्या दिवशी नारळ आले. देवीकडं उघड्या डोळ्यांनी बघू नये, असा नियम लालासाहेबांनी स्वतःच काढला, आणि सगळे पुरुष पाठ करून उभे राहिले. शेजारची म्हातारी हरणाबाई ओटी भरायला आली आणि तिनं कापडातून डोकं आत घातलं.

"देवी कुठंय गं?"

"मीच हाय, आत्याबाई."

हरणाबाईनं जरा विचार केला. "आनि येकीला जागा व्हईल का? लय दिस आग हुतीया."

मग रोज ओट्या घेऊन बायकांची रांग लागली. अंबूबाई आतून प्रत्येकीला एकच विचारायची, "पानी पिऊन आलीस का? न्हाईतर मागं फिर." ज्यांना ताप होता त्यांना साताऱ्याची वाट दाखवली. तिची स्वतःची आग थांबली, ताप गेला, तरी तिनं गोळ्या शेवटपर्यंत घेतल्या.

देवीला इतकं पावताना पाहून लालासाहेबांना राहवेना. देवीनं असं उन्हात हिंडू नये म्हणून त्यांनी पाराशेजारी चौथरा बांधला आणि लाल वस्त्राची चौकात कायमची स्थापना केली.

"आता आडोसा कुठला?" हरणाबाईनं विचारलं. "पुन्यांदा पानी सोडायचं?"

"आवं, कागद घ्या," अंबूबाई नवऱ्याला म्हणाली. तिनं सांगितलं, नाथाजीनं पलटणीच्या वळणात लिहिलं, आणि सगळ्या बायकांनी अंगठे उठवले:

"मेहरबान मामलेदारसाहेब यांसी. लढाईत सरकारने घड्याळ तासभर पुढे केले होते, त्याअर्थी वेळ हलवणे सरकारच्या अखत्यारीत आहे. तरी ऊसतोडीपासून नवा ऊस डोक्याएवढा होईपर्यंत, सदर वस्तीपुरता, रोज दुपारी एक तास अधिकृत अंधार मंजूर व्हावा, व तो वेळेवर पडेल अशी तजवीज होण्यास विनंती आहे."