पडेगावच्या फळ्यावरचं खरं वाक्य

मी फळा आहे, पण जन्मानं नाही. आधी मी एका कपाटाचा डावा दरवाजा होतो. माझ्या कडेला बिजागरीच्या स्क्रूंची सहा भोकं अजून आहेत; बोट फिरवलंत तर लागतील. पडेगावात एका घराचं जुनं कपाट मोडलं, तेव्हा जहांगीरभाई सुतारांनी बाकीची लाकडं तिथंच सोडली आणि मला खांद्यावर घेऊन निघाले. वाटेत कोणीतरी हटकलं, "काय भाई, कुणाचं दारच काढून आणलं व्हय?"

"दार नाय," ते म्हणाले. "आमच्या मास्तरीणबाईंचा फळा हाय."

मास्तरीणबाई म्हणजे त्यांची बायको, सगीरा. तेव्हा ती कुठं मास्तरीण नव्हती. शेजारच्या पोरांची जुनी पुस्तकं मागून आणून, चाळिशीला टेकेपर्यंत ती घरच्या घरी इंग्रजी शिकली होती. आता आजूबाजूच्या बायकांना शिकवायचं तिच्या मनात होतं. जहांगीरभाई उर्दू चौथी शिकलेले. मराठी पाट्या वाचायचे. इंग्रजी अक्षर त्यांना एकही येत नव्हतं. पण त्यांनी मला पॉलिश पेपरनं घासून गुळगुळीत केलं, काळ्या रंगाचे दोन हात मारले आणि बाहेरच्या खोलीत खिडकीसमोर टांगलं. ही गोष्ट जून २०१९ ची. तारखा मला पक्क्या आठवतात, कारण त्या माझ्याच उजव्या कोपऱ्यात लिहिल्या जायच्या.

वर्ग दुपारी तीन ते साडेचार. पाच-सहा बायका यायच्या. एक पार्लरमध्ये कामाला, दोघी शिवणकाम करणाऱ्या. आणि सत्यभामा; दौलताबादच्या रस्त्यावर फळांची पाटी घेऊन बसणारी. पावसाळा सरता सरता सीताफळं, थंडीत पेरू. लेकीच्या, सायलीच्या, इंग्रजी शाळेत पालकांची बैठक असली की हिला मुक्यानं बसून यावं लागायचं. म्हणून ती आली होती.

सगीरामॅडमची एक पद्धत होती. तारखेच्या खाली त्या रोज एक वाक्य लिहायच्या आणि ते खरंच असावं लागायचं. पुस्तकातलं खोटं वाक्य डोक्यात टिकत नाही, असं त्या म्हणायच्या. एक दिवस 'नोबडी हॅज अ पेन', कारण खरंच कोणाकडं पेन नव्हतं. एक दिवस 'समबडी इज फ्राइंग भजी', कारण शेजारून वास येत होता. ते वाक्य प्रत्येकीनं उभं राहून मोठ्यानं म्हणायचं. एकीचंही राहिलं, तर वाक्य पुसायचं नाही.

दर जूनमध्ये जहांगीरभाई मला नवा रंग द्यायचे. त्याआधी पॉलिश पेपर हातात धरून विचारायचे, "मिटाऊं क्या?" कधी मॅडम म्हणायच्या, "ठैरो जी, एक का बाकी है." मग ते पेपर खाली ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी यायचे.

बाकी राहणारी बहुतेक सत्यभामाच असायची. 'एव्हरीबडी' म्हटलं की तिच्या तोंडून 'आर' निघायचंच.

"एव्हरीबडी म्हणजे सगळे ना, मॅडम? मग सगळ्यांना एकट्यासारखं कसं बोलायचं?"

"सगळे म्हणूच नका, ताई. जो तो म्हणा. तुमच्या पाटीत सीताफळांचा ढीग असतो, पण गिऱ्हाईक एकेक दाबून बघतं ना?"

"मी दाबू देत नाय. फुटतंय."

बायका हसायच्या. मॅडमही हसायच्या आणि माझ्यावर पुन्हा लिहायच्या, 'इज'. सत्यभामानं एकदा विचारलं, "अन् नोबडी? जे मुळात नाहीच, त्याला तरी इज कशाला?"

"जो नाही त्यालाही एकट्याचाच मान," मॅडम म्हणाल्या.

मागच्या वर्षीच्या पावसाळ्यात मला खडू हलका लागायला लागला. अक्षरं उजवीकडं उतरायला लागली. मॅडमना दम लागायचा. लिहिताना मध्येच त्या तळहात माझ्यावर टेकून थांबायच्या. हे फक्त मला कळत होतं. बायकांना वाटायचं, त्या विचार करताहेत.

९ ऑक्टोबर, गुरुवार. मॅडमनी सकाळीच सगळ्यांना मेसेज टाकला होता: आज सुट्टी. तरी सव्वातीनला सत्यभामा दारात उभी. हातात दोन सीताफळं.

"मेसेज नाही बघितला?"

"फोन सायलीपाशी असतोय. मग जाऊ माघारी?"

"आलात तर बसा. मलाही सोबत होईल."

सत्यभामानं आत नजर टाकली. "भाऊ नाय दिसत."

"पिशोरला गेलेत. एका घराच्या चौकटी बसवायच्या होत्या. दुपारपर्यंत येतो म्हणाले होते." मॅडमनी दाराकडं पाहिलं. मग भिंतीला धरून उठल्या, तारीख घातली आणि खाली लिहिलं:

'समबडी इज वेटिंग फॉर जहांगीर.'

सत्यभामानं एकेक अक्षर लावत वाचलं. शेवटचा शब्द लागला तसा तिनं पदर तोंडाला लावला. "अगं बाई! मॅडम, तुम्ही चक्क नाव घेतलं की त्यांचं!"

मॅडमनी नवऱ्याचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं. सहा वर्षं मी ऐकत होतो. 'अजी', 'सुनो', 'हमारे घर में', इतकंच. त्या दिवशी त्या लाजल्या. म्हणाल्या, "घेतलं कुठं? लिहिलंय. अन् इथं कोणाला वाचता येतंय! तुम्हाला येतंय तेवढं. हं, व्हा उभ्या. तुमची पाळी."

सत्यभामा उभी राहिली. "समबडी इज..." इथवर बरोबर आली. इज बरोबर आलं! मॅडमनी मान हलवली. पण पुढं तिला म्हणवेना. भावासारख्या माणसाचं नुसतं नाव घ्यायचं, तेही त्याच्या बायकोसमोर! ती हसायलाच लागली. "नाय बाई, उद्या म्हणते."

"उद्या नक्की. तोवर पुसत नाही."

चार वाजता सत्यभामा गेली. मॅडम खुर्चीत बसून राहिल्या, दाराकडं तोंड करून. जहांगीरभाई सहाला आले. त्यांना हाक मारायलाही मॅडमच्या छातीत हवा नव्हती. भाईंनी रिक्षा आणली, त्यांना दोन्ही हातांवर उचललं आणि दवाखान्यात नेलं. रविवारी मॅडम घरी आल्या त्या चार जणांच्या हातांवर.

त्या दिवशी घर बायकांनी भरलं होतं. सत्यभामाही होती, माझ्या अगदी खाली बसलेली. तिनं मान वर करून एकदा वाक्याकडं पाहिलं आणि खाली घातली. मला वाटतं, आपलं राहिलंय हे तेव्हा कोणाला सांगणार, असं तिला झालं असावं.

मॅडमचा चाळिसावा झाला. २२ नोव्हेंबरला, शनिवारी सकाळी, जहांगीरभाई रंगाचा डबा घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. सगीराचा वर्ग बंद पडू नये, एवढीच त्यांची इच्छा होती. सोमवारी या, फळा तयार ठेवतो, असा निरोप त्यांनी सगळ्या बायकांना पाठवला होता.

पॉलिश पेपर हातात धरून ते सवयीनं म्हणाले, "मिटाऊं क्या?"

खोलीत कोणी नव्हतं.

ते थोडा वेळ थांबले. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. नुसतं 'ठैरो' म्हणालो असतो तरी पुरलं असतं. ते शब्द मी इतक्यांदा ऐकले होते. मग त्यांनी घासायला सुरुवात केली. हात हळू होता, नेहमीसारखा. शेवटचा शब्द घासताना भुकटी त्यांच्या मनगटावर पडली. ती त्यांनी फडक्यानं पुसली आणि फडकं दाराबाहेर झटकलं. मग काळ्या रंगाचे दोन हात मारले. इतका सुंदर मी याआधी कधी दिसलो नसेन.

सोमवारी सगळ्यांत आधी सत्यभामा आली. आयुष्यात पहिल्यांदा वेळेआधी. उंबऱ्यातच थबकली.

"भाऊ, हे पुसलं व्हय?"

"नवा केला. चांगला झाला ना?"

"मॅडमचं वाक्य व्हतं त्याच्यावर."

"वो तो हमेशा रहता था."

"तुमचं नाव व्हतं त्यात, भाऊ."

जहांगीरभाई हसले. "मेरा? वो कभी लेती नईं थी."

सत्यभामानं चप्पल काढली, आत आली, पदर खांद्यावरून घेतला आणि कोऱ्या काळ्या रंगासमोर ताठ उभी राहिली. "समबडी इज वेटिंग फॉर जहांगीर," ती म्हणाली. एका दमात, न हसता. मग मराठीत सांगितलं, "कोणीतरी जहांगीरची वाट बघतंय. त्या दिवशी तुम्ही पिशोरला व्हता. माझी म्हणायची पाळी राहिली व्हती, म्हणून पुसलं नव्हतं."

"कोणीतरी?"

"समबडी म्हणजे कोणीतरी. पण एकच माणूस. मॅडम म्हणायच्या, इज आलं की एकच."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाले, "काम दोनलाच संपलं होतं. घरमालक म्हणाले, जेवून जा. मी जेवत बसलो."

त्यांनी पॉलिश पेपर उचलला आणि माझा उजवा कोपरा पुन्हा घासायला लागले. अगदी हलक्या हातानं, जणू खाली काही जपायचं आहे. नवा रंग गेला, जुना गेला, मूळचं तपकिरी लाकूड उघडं पडलं. तिथं काही नव्हतं. सत्यभामानं त्यांचं मनगट धरलं तेव्हा ते थांबले.

मग तिनं खडू घेतला आणि त्या उघड्या लाकडाच्या शेजारी, काळ्या भागावर, तेच वाक्य लिहिलं. अक्षरं वाकडीतिकडी, पण चूक एकही नाही. तारीख घातली. इतर बायका आल्या. प्रत्येकीनं उभं राहून म्हटलं. रडत म्हटलं, पण म्हटलं.

"आता भाऊ, तुम्ही," सत्यभामा म्हणाली.

"कल," ते म्हणाले.

आता वर्ग बायकाच चालवतात, मॅडमच्या वहीवरून. लिहितात ते माझ्या डाव्या बाजूला. साडेचारला जहांगीरभाई कामावरून येऊन उंबऱ्यात उभे राहतात. सत्यभामा त्यांच्याकडं बघते. ते उजव्या कोपऱ्याकडं बघतात, त्यांचे ओठ 'समबडी'पर्यंत येतात, आणि मग ते हात धुवायला मागे जातात.

वाचणाऱ्या बाबांनो, बायांनो, कधी पडेगावात या घरी आलात तर माझ्यावर हवं ते लिहा, हवं ते पुसा. फक्त उजव्या बाजूला फडकं लावू नका. एकाचं बाकी आहे.