पुसलेला एक

मित्रांनो, मी एक जुना कीबोर्ड आहे, आणि ज्याच्या हाताखाली झिजलो त्याच्याबद्दल माझ्याकडे एकही चांगला शब्द नाही.

शिरपूरच्या बाजारात जितेंद्रचे ऑनलाइन अर्ज भरण्याचे दुकान आहे. नवा होतो तेव्हा माझी अक्षरे पांढरीशुभ्र होती. पोरे कौतुकाने माझी बटणे दाबून बघत. आज माझ्या एकच्या बटणावर काहीच उरलेले नाही. इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी विद्यार्थ्याने कॉलेज आणि शाखा आपल्या पसंतीच्या क्रमाने लिहायच्या असतात. आमच्या दुकानात तो क्रम जितेंद्र ठरवतो.

यंदा तोतारामआबा मुलीला, डिंपलला, घेऊन आले.

"भाऊ, पोरले कॉम्प्युटर जोयजे," आबा म्हणाले. पोरीला कॉम्प्युटरची शाखा हवी होती.

"ते वर टाकलं तर नंबर वाया जातो, आबा. आधी मिळणारं टाकू. इथलंच सिव्हिल."

"मला सिव्हिल नकोय," डिंपल म्हणाली.

"अर्ज तू भरते का मी? मागे रांग बघ."

त्याने सिव्हिलपुढे एक दाबला, कॉम्प्युटरपुढे दोन. आबांचा मोबाइल घेऊन ओटीपीही त्यानेच टाकला.

नंबर वाया जातो, हे धडधडीत खोटे होते. प्रवेशाचा संगणक गुणवत्तेच्या क्रमाने एकेकाला घेतो, त्याची यादी वरून वाचतो आणि जिथे जागा शिल्लक असेल ती पहिली पसंती देतो. अवघड कॉलेज वर लिहिल्याने खालचे हातचे जात नाही. उलट पहिली पसंती मिळाली की ती आपोआप पक्की होते आणि पुढच्या फेऱ्या बंद होतात.

यादी लागली. डिंपलला सिव्हिल. तिला हवे होते ते कॉम्प्युटर तिच्याहून कमी गुणांच्या मुलाला मिळाले.

"नशीब असतं, आबा," जितेंद्र म्हणाला.

"नशीब नही, भाऊ. तुनं बोट शे हाई."

दुसऱ्या फेरीला डिंपल पुन्हा आली, पुनम या मैत्रिणीबरोबर. पुनमला पहिल्या फेरीत काहीच मिळाले नव्हते. जितेंद्रचे बोट सवयीने एकवर गेले. डिंपलने मला त्याच्या हाताखालून ओढले आणि पुनमच्या मांडीवर ठेवले.

"ए, दुकान माझं आहे!"

"आणि अर्ज तिचा."

मित्रांनो, माझ्यावरची धूळ नाही पुसली तरी चालेल. पण तुमचा एक तुम्हीच दाबा. डिंपलचा दुसऱ्याने दाबला, तो माझ्याच बटणाने.