कागदाखालच्या बिबड्या

ऐक ना चेलना, फक्त ऐक. मधे बोलू नको, नाहीतर मी रडेन आणि सांगायचं राहूनच जाईल.

धुळ्याचं आमचं सर्व्हिस्ड अपार्टमेंट आहे ना, पारसमल काकांचं, जिथे मी काउंटरला बसते? तिथे निम्मे लोक पेशंटवालेच. हॉस्पिटल जवळ, फ्लॅटमध्ये गॅस-भांडी सगळं, महिना-दीड महिना राहतात. तर तीनशे दोनमध्ये शिरपूरकडचे निंबा आबा आणि त्यांची बायको, भिकुअक्का. शेक, म्हणजे रेडिएशन, अक्कांनाच चालू होता, कॅन्सरसाठी. आणि एक दिवस जरा बरं वाटलं तर या बाईने काय करावं? गच्चीवर आमची धुतलेली चादर अंथरून बिबड्या घातल्या! ज्वारीच्या, पापडासारख्या पातळ. मी ओरडले, "अक्का, ही गेस्टची चादर आहे!" तर म्हणे, "मंग मी कोन शे? गेस्टच शे ना!"

पुढच्या आठवड्यात गेल्या गं त्या. हॉस्पिटलमध्येच. आबा तिथूनच गाडी करून त्यांना गावी घेऊन गेले, वर आलेच नाहीत. पुतण्या आला, पिशव्या भरल्या, किल्ली दिली, गेला.

आता आमचं कसंय, गेस्ट गेला की दोन तासांत फ्लॅट पुढच्यासाठी तयार. फ्रीज रिकामा, कपाटं रिकामी, राहिलेलं खाणं स्टाफचं. मीच म्हटलं, घेऊन जा. कपाटात डबा होता, त्यात बिबड्यांचे दोन थर, मधे वर्तमानपत्राचा कागद. साफसफाईवाल्या कुंदाबाईने आणि लिफ्टवाल्या ललितने शेंगदाण्यांबरोबर चार दिवसांत फस्त केल्या. "काय हात व्हता बाईचा!" असं म्हणत म्हणत. मी नाही खाल्ल्या, लसूण असतो म्हणून.

आठव्या दिवशी आबांचा फोन. "पलक बेटा, डबा राही गया. शुक्रवारले गंधमुक्ती शे. तिना पानवर तिनाच हातनं ठेवसू." गंधमुक्ती म्हणजे त्यांच्याकडचं दिवसकार्य, गेलेल्याच्या नावाने पान वाढतात.

आणि माझ्या तोंडून काय निघावं? "आहे आबा. ठेवलाय."

कुंदाबाईने कपाळावर हात मारला. "पोरी, हे काय बोलून बसलीस!" पण बिचारीने त्याच दिवशी पीठ शिजवलं. गच्चीवरचं ऊन तुला माहितीये, दुसऱ्या दिवशी बिबड्या खडखडीत. तोच डबा, तसेच दोन थर, मधे तसाच कागद.

आज सकाळी आबा आले. पाणीसुद्धा नको म्हणाले. काउंटरवरच झाकण उघडलं, नाक आत घातलं आणि डोळे मिटले. "तिनाच हात शे." मी फरशीकडे बघत उभी. मग त्यांनी वरचा थर बाजूला केला, कागद उचलला. म्हणाले, "ह्या खालन्या तुन्या. पलक लसूण खास नही, म्हणीसन तिनी न्याऱ्या करेल शेतस. बिनलसूणन्या. ताप व्हता, तरी बी."

चेलना, म्हणजे माझ्यासाठीच्या बिबड्या कुंदाबाई-ललितने खाल्ल्या. आणि या डब्यात वर-खाली सगळ्यात लसूण! कुंदाबाईला काय माहीत? मलाच माहीत नव्हतं.

"खाय ना बेटा. मना समोर खाय. म्हंजे तिले सांगसू."

आपल्या जैनांकडे लसूण उंबऱ्याच्या आत येत नाही. मम्मीला कळलं तर... उपास आहे म्हणता आलं असतं. पण त्यांनी एक बिबडी माझ्यापुढे धरली होती. खाल्ली मी. पूर्ण. वास नाकात गेला, डोळ्यांत पाणी आलं, आणि आबांना वाटलं मी अक्कांसाठी रडतेय. रडत होतेच की. माझ्या डोक्यावर हात ठेवला त्यांनी. खालचा थर कागदात बांधून मला दिला आणि डबा छातीशी धरून बसस्टँडकडे गेले.

उद्या शुक्रवार. उद्या सगळ्या गावासमोर अक्कांच्या पानावर कुंदाबाईच्या बिबड्या ठेवतील ते. फोन हातात घेऊन बसलेय मी मघापासून. खरं सांगितलं तर पानावर ठेवायला त्यांच्याकडे काहीच राहत नाही, आणि नाही सांगितलं तर... सांग ना, तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस?