पाटीवरचे चाळीस

"चाळीस म्हणजे चाळीस!" दादाने ट्रेलरच्या चौकटीवरच्या पाटीवर बोट आपटलं. "पोकलेन तेहतीस टनांचं. वर सात टन शिल्लक. मी गिऱ्हाइकाला शब्द देऊन बसलोय."

धाकटीने डोळे मिटून घेतले. वडिलांच्या मागे दोघा भावंडांनी अवजड वाहतुकीचं हे यार्ड चालवायला घेतलं, तेव्हापासून शब्द द्यायचा दादाने आणि निस्तरायचं हिने, अशी वाटणीच पडली होती.

"अरे, ते चाळीस टन ट्रेलर धरून आहेत. रिकामा ट्रेलरच अकरा टनांचा. मग माल किती चढेल? एकोणतीस!"

"ट्रेलरचं वजन कशाला धरायचं? तो काय माल आहे?"

"पोराला कडेवर घेऊन काट्यावर उभा राहिलास, तर काटा तुझं वजन सोडून देतो का?"

"मी कशाला पोराला घेऊन काट्यावर चढू?"

तिने कपाळावर हात मारला. यार्डात सगळे ज्यांना मामा म्हणत ते ड्रायव्हर टायरवर बसून चहा पीत होते. "तुमचं ठरलं की हाक मारा," ते म्हणाले आणि कपात बघू लागले.

शेवटी तिनेच वाट काढली. पोकलेनच्या पाठीला तोल सांभाळायला सहा टनांचं लोखंड असतं, ते क्रेनने उतरवून दुसऱ्या गाडीने पाठवायचं. उरले सत्तावीस. दादा कुरकुरला, पण क्रेन आली.

ती त्या दुसऱ्या गाडीसाठी फोनवर घसा कोरडा करत होती, तेवढ्यात मामांनी पोकलेन ट्रेलरवर चढवलं. "येऊ दे, येऊ दे... बास!" इशारे दादाचे. साखळ्या अडकवायला सोपं जावं म्हणून त्याने ते पार मागेच थांबवलं. ती येईपर्यंत साखळ्या आवळून झाल्या होत्या. सगळा भार मागेच पडेल, ही शंका तिने बोलून दाखवली, तर दादा म्हणाला, "प्रत्येक गोष्टीत खोट काढू नकोस."

दोघं ट्रेलरमागून गाडीने वजनकाट्यावर गेली. तिथे एकूण आकडा बसला, पण मागच्या एक्सलवर मर्यादेपेक्षा दोन टन जास्त.

"एकूण बसतंय ना? मग झालं!"

"दादा, कपाट चौघांनी उचलायचं आणि सगळा भार मागच्या दोघांवर टाकायचा? कंबर मोडेल की नाही त्यांची?"

काटेवाला खिडकीतून ओरडत होता, मागे गाड्यांनी हॉर्नचा नुसता उच्छाद मांडला होता. ट्रेलर बाजूच्या मोकळ्या जागेत घेतला, साखळ्या सोडल्या, मामांनी पोकलेन हातभर पुढे सरकवलं, पुन्हा साखळ्या, पुन्हा काटा. अजून थोडं जास्तच. पुन्हा सगळं पहिल्यापासून. तिसऱ्या खेपेला आकडा बसला आणि मामा एकदाचे निघाले.

दोघं यार्डात परतली. ऑफिसात शिरल्या शिरल्या तिने पर्स टेबलावर आपटली.

"यापुढे गिऱ्हाइकाचा फोन मी घेणार. तू हातसुद्धा लावायचा नाहीस."

आता आकाशपाताळ एक होणार म्हणून तिने पदर खोचायचाच बाकी ठेवला होता. दादाने पाण्याचा पेला रिकामा केला.

"घे की. मला तरी कुठे आवडतं? जो तो टनाचंच विचारतो. काहीतरी सांगून मोकळा होतो मी."

तिची इतकी वर्षं निस्तरण्यात गेली, आणि नुसतं विचारायचं राहून गेलं होतं. रागवावं की हसावं, तिला कळेना. तेवढ्यात फोन वाजला. दादाने तो तिच्याकडे सरकवला आणि निवांत पाय पसरले.