कोणत्या राज्यातून बोलताय

तनुजाने चपला टाकीच्या पायथ्याशी काढल्या, पदर कमरेला खोचला, फोन ब्लाउजमध्ये सरकवला आणि लोखंडी शिडीचा पहिला गज धरला. ऊन एव्हाना चांगलंच वर आलं होतं आणि गज तापले होते. खाली तिची सासू गौरम्मा कपाळावर हात धरून उभी होती.

"खाली बघू नको," गौरम्मा म्हणाली. "आन् पडलीस तर बालाजीला मी काय सांगू ते आताच सांगून जा."

बालाजी म्हणजे तनुजाचा नवरा. तो हैदराबादेत एका कंपनीची गाडी चालवायचा आणि बायको सरपंच झाल्याचं तिथल्या लोकांना अभिमानाने सांगायचा. अभिमान तिथे होता आणि शिडी इथे होती.

चिंचकुंट्याच्या त्या टाकीत बरेच दिवस पाणी चढलं नव्हतं, पण सरपंच मात्र अधूनमधून चढत होत्या. गावात जमिनीवर उभं राहून पोलिसांचा नंबर लावला, की नदीपलीकडचा टॉवर तो आधी ओढून घ्यायचा आणि तिकडून कुणी बाई तेलुगूत बोलू लागायची. महाराष्ट्राचे पोलीस हवे असतील तर टाकीवर चढणं भाग होतं. हे गावात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणाला त्यात नवल वाटत नव्हतं. तनुजा औशाकडची. लग्न होऊन आली तेव्हा तिला वाटलं होतं, आपली थट्टा चालली आहे.

वर पोचल्यावर तिने कठड्याला पाठ टेकवली आणि नदीकडे पाहिलं. मांजरेच्या रुंद, कोरड्या पात्रात एक पोकलेन आणि तीन टिप्पर उभे होते. त्यांच्या मधोमध गावाची विहीर. सिमेंटची कडी एकावर एक बसवून वाळूत उतरवलेली. पूर्वी तिचं एकच कडं वाळूच्या वर दिसायचं. आता चार दिसत होती. आजूबाजूची वाळू उपसल्यामुळे ती विहीर उघडी पडली होती आणि बघवत नव्हती. मोटार काढून घ्यावी लागली होती. तरी बायका दोरी-बादलीने तिथूनच पाणी आणत होत्या, कारण गावात दुसरं गोडं पाणीच नव्हतं.

फोन लागला. पोलिसांच्या इकडच्या बाईंनी मराठीत नाव-गाव विचारलं आणि तो तालुक्याच्या ठाण्याला जोडून दिला.

"बोला सरपंच मॅडम," हवालदारांनी आवाज ओळखला. "परत वाळू का?"

"विहिरीला लागून उपसा करून राहिलेत साहेब. आज कुणी आलं नाही तर विहीर पडंल. गाव पाण्यावाचून मरंल."

"टिप्पर धारेच्या अलीकडं हायत का पलीकडं?"

तनुजा 'अलीकडं' म्हणायला गेली आणि थांबली. तिने डोळे बारीक करून पुन्हा पाहिलं. उन्हाळ्यात मांजरेची जी काय बारीकशी धार उरते ती विहिरीच्या पलीकडून, पार तेलंगणातल्या गुंडपल्लीच्या काठाजवळून वाहायची. आता ती विहिरीच्या अलीकडून वाहत होती. झोपेतून उठावं आणि घराचं दार दुसऱ्याच भिंतीत दिसावं, तसं तिला झालं.

"पलीकडं," ती म्हणाली. "पण विहीर आमचीच आहे."

"मॅडम, धारेच्या पलीकडं म्हंजे तेलंगणा. ते तर तुमीच ठरवलंय की! तहसीलात तुमचा सत्कार झाला तवा बंदोबस्ताला मीच होतो."

हे मात्र खरं होतं. दोन वर्षांपूर्वी नदीतल्या टरबुजाच्या वाड्यांवरून चिंचकुंट्याची आणि गुंडपल्लीची डोकी फुटली होती. राज्याची हद्द नदीतून जाते एवढं दोन्हीकडच्यांना माहीत होतं. नदीत नेमकी कुठून जाते हे मोजायला मात्र कुणीच येत नव्हतं. तेव्हा नव्यानेच सरपंच झालेली तनुजा गुंडपल्लीच्या सरपंचाला, शरणप्पाला, वाळूत सतरंजी टाकून भेटली. धारेच्या अलीकडचं आमचं, पलीकडचं तुमचं. नारळ फुटला, भांडण मिटलं. दोन्ही राज्यांच्या साहेबांना ते इतकं सोयीचं वाटलं, की तेही धारेवरूनच हद्द सांगू लागले. तनुजाला शाल मिळाली. ती शाल पांघरून तिने फोटो काढला होता आणि औशाला आईकडे पाठवला होता. पाण्याची धार पोकलेनने सरकवता येते, हे त्या दिवशी तिच्या डोक्यात आलं नव्हतं. कुणाच्याच आलं नव्हतं. आलं ते फक्त वाळूवाल्यांच्या.

"तुमी तिकडच्या ठाण्याला कळवा," हवालदार म्हणाले. आवाजात दुष्टावा नव्हता. "आमी धार वलांडली तर ते आमची वर तक्रार करतेत. कळ्ळं का?"

तिला कळलं होतं आणि काहीच कळलं नव्हतं. उतरताना तिचा पाय एका गजावरून सटकला, तेव्हा गौरम्माने खालून मोठ्याने देवाचं नाव घेतलं.

"मामी," खाली आल्यावर तनुजाने विचारलं, "पाण्याला जाता तेव्हा तुमच्या लुगड्याचे काठ ओले होतात ना, हल्ली?"

"हाव. चार-सहा दिस झाले. गुडघाभर पाण्यातनं जावं लागतं."

"मग मला का नाही सांगितलं?"

"त्यात काय सांगायचं? नदीत पाणी असतंयच की."

तनुजाने स्वतःच्याच घरातली ओली लुगडी दोरीवर वाळताना पाहिली होती. रोज पाहिली होती. तिला स्वतःचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात टाकीचा आणि मोटारीचा कारभार पाहणारे पाशामियाँ नदीकडून जवळजवळ धावतच आले. त्यांचं वय धावायचं नव्हतं.

"सरपंचबाई, वरचं कडं सरकलं. खालचंबी तिरपं झालंय. म्या म्हनलं त्यास्नी, भाऊ, जरा हात आवरा. त्यो ड्रायव्हर म्हनला, चच्चा, बाजूला व्हा, न्हाईतर तुमीबी भरले जाल वाळूत."

"सांजपर्यंत टिकंल का?"

पाशामियाँनी टोपी काढून घाम पुसला. "दुपारपर्यंत टिकली तर अल्लाची मेहेरबानी."

ड्रायव्हरची ती नुसती धमकी नव्हती. मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या सज्जाच्या तलाठ्याच्या मोटारसायकलवर टिप्पर घातला होता. तो अजून काठी घेऊन चालायचा. आठ दिवसांपूर्वी तनुजा स्वतः नदीत गेली, तेव्हा एका ड्रायव्हरने गाडी उलटी घेत तिच्या अगदी जवळ आणली होती आणि वरून हसला होता. ती ताठ उभी राहिली होती. घरी येऊन मात्र बराच वेळ न्हाणीघरात दार लावून बसली होती.

तिने ग्रामसेवकाला फोन लावला. बंद. तहसीलातल्या साहेबांना लावला. ते नांदेडला बैठकीत होते. तिला कुणालातरी विचारायचं होतं, पण नेमकं काय विचारायचं हेच तिला मांडता येत नव्हतं. विहीर आमची, गेल्या दोन पिढ्या आमची, आणि तरी आमची नाही. तर ती वाचवायची कुणी?

गौरम्मा तिच्याकडे बघत होती. गौरम्मा गुंडपल्लीचीच लेक. धार ओलांडून नवरी म्हणून आली तेव्हा दोन्ही काठ एकाच राज्यात होते की दोन, हे तिने कधी कुणाला विचारलं नव्हतं.

"तिकडच्या पोलिसाला बोलीव," ती म्हणाली.

"आणि काय सांगू?"

"त्यांची हाय म्हनून सांग. आपली म्हनलं की कुनी येईना. त्यांची म्हनलं की येतील."

"मामी, मी सरपंच आहे. गावाची विहीर दुसऱ्याची आहे असं मी कसं म्हणू? लोक काय म्हणतील?"

"पडल्यावर काय म्हनतील?"

 तनुजाने आधी शरणप्पाला फोन लावला.

"तुमची हाय की विहीर, ताई," शरणप्पा गोंधळून म्हणाला.

"धारेच्या तुमच्या बाजूला आहे आता. येऊन बघा."



"म्हंजे... आमची?"

"तुमची म्हणा आणि तुमचे पोलीस आणा. मीबी इकडून लावते."

"आनतो. पन ताई, साहेब तिथं ईचारतील. ते तुमच्या तोंडून पायजे. न्हाईतर उद्या म्हनाल, शरणप्पानं विहीर गिळली."

"सांगते मी."

मग तिने टाकीपासून चार पावलं दूर, जमिनीवर उभं राहून पोलिसांचा तोच नंबर लावला आणि फोन गौरम्माच्या हातात दिला. तिकडच्या बाईंनी तेलुगूत पहिलाच प्रश्न विचारला, कुठून बोलताय. गौरम्माने सुनेकडे एकदा पाहिलं आणि माहेरच्या भाषेत, माहेरच्या गावाचं नाव सांगितलं. पुढे ती बराच वेळ बोलली. इतकी भरभर बोलताना तनुजाने तिला कधी ऐकलं नव्हतं.

जीप आली ती खरोखर आली. गुंडपल्लीच्या उतारावरून धुरळा उडवत खाली उतरली, मागून शरणप्पाची मोटारसायकल. टिप्परवाल्यांनी जीप पाहिली आणि मुळीच घाई न करता गाड्या वळवल्या. धारेतून पाणी उडवत ते अलीकडे आले, महाराष्ट्रात, आणि काठाला इंजिन चालू ठेवून उभे राहिले. एकाने बिडीसुद्धा पेटवली. पोकलेनला मात्र एवढं चपळ होता आलं नाही. त्याचा चालक उडी मारून पळाला आणि यंत्र विहिरीशेजारी हात वर करून राहिलं.

तनुजा धारेतून चालत पलीकडे गेली. पाणी गुडघ्याला लागलं, गार लागलं. मागे पाशामियाँ. अलीकडच्या काठावर बायका घागरी घेऊन जमल्या होत्या. गौरम्मा त्यांच्यातच होती.

उपनिरीक्षक तरुण होता. त्याने विहिरीभोवती एक चक्कर मारली, सरकलेलं कडं पाहिलं, मग सरळ दखनीत विचारलं,

"ये बावडी किसकी है?"

शरणप्पाने तनुजाकडे पाहिलं. पाशामियाँ स्वतःच्या ओल्या पायांकडे पाहू लागले. त्यांच्या वडिलांनी या विहिरीची कडी उतरवताना वाळू काढली होती, हे ते दर उन्हाळ्यात एकदा तरी सांगायचे. आज त्यांनी ते सांगितलं नाही. तनुजाला त्यांचं ते न सांगणं फार लागलं.

"इनकी है," ती शरणप्पाकडे हात करून म्हणाली. मग अलीकडच्या काठालाही ऐकू जाईल अशा आवाजात मराठीत म्हणाली, "गुंडपल्लीची आहे."

उपनिरीक्षकाने मान हलवली. पुढचं सगळं पटापट झालं. पोकलेनची चावी काढून घेतली. दोन शिपाई विहिरीपाशी बसवले. गुंडपल्लीचे गवंडी उद्या येऊन कडी बसवतील, वाळूच्या गोण्या लावतील, असं शरणप्पाने सांगितलं. एवढ्या वर्षांत ज्या विहिरीसाठी कुणी फोनवर धड बोललं नव्हतं, तिला आज राखण मिळाली होती. तनुजाला खरंच आनंद झाला होता. विहीर वाचली होती. ती हसत होती.

तिने वळून बायकांना हाताने खूण केली, या.

कुणी हललं नाही. एरवी या बायका भांडत, एकमेकींना ढकलत विहिरीवर जायच्या. आता त्या घागरी कमरेवर घेऊन उभ्या होत्या आणि शरणप्पाकडे बघत होत्या. शरणप्पाच्या ते लक्षात आलं तसा तो पार ओशाळला. त्याने खांद्यावरचा पंचा काढला, परत खांद्यावर टाकला.

"या की, या!" तो दोन्ही हातांनी बोलावत ओरडला. "तुमाला कोन न्हाई म्हनंल? कवाबी या. लागंल तेवढं न्या."

तो मनापासून बोलत होता. त्यात खोट काढण्यासारखं काहीच नव्हतं.

गौरम्माने आधी पाण्यात पाय टाकला. तिच्या मागून बाकीच्या आल्या. विहिरीपाशी येऊन प्रत्येक बाई दोरी हातात घेई आणि बादली सोडण्याआधी शरणप्पाकडे एकदा बघे. तो प्रत्येकीला मान हलवून हो म्हणत होता. गौरम्मानेसुद्धा पाहिलं, आणि ती तर त्याच्या गावची लेक.

कुणीतरी एक रिकामी घागर तनुजाच्या हातात दिली. ती रांगेत शेवटी उभी राहिली. तिची पाळी आली, तेव्हा तिनेही दोरी धरली आणि शरणप्पाकडे पाहिलं.