माझं काम खचण्याचं

मित्रांनो, मी एक जुनी पेटी. 'आहे' म्हणायला जरा स्थिरता लागते, ती माझ्यात नाही. लालबागला मखरं करणाऱ्या धोंडू सुतारांनी मला घडवलं. दोन बाजूंना काच, एका टोकाला सरकणारी फळी. तिथून मी परळच्या एका कॉलेजात, भूगर्भशास्त्राच्या मेघना मॅडमकडे आले.

मॅडम माझ्यात शाडूच्या भुकटीचे आणि रांगोळीचे थर देत आणि फळी हळूहळू बाहेर ओढत. थर ताणले जात, तिरके तुटत, मधला भाग खाली खचे. त्या खळग्यात मॅडम नवी रांगोळी भुरभुरवत आणि पुन्हा ओढत. म्हणून मधे थर जाड, कडांना पातळ. जमीन फाटताना खोरं असंच खचत आणि गाळाने भरत जातं. मुंबईच्या पश्चिमेला समुद्राखाली असंच एक आहे. शेवटी फळी आत ढकलली, की भरलेला गाळ फुगून वर येई. कोट्यवधी वर्षं एका तासात, शिवाय हजेरी.

"आमच्या चाळीचा जिना असाच खचलाय," वर्गातला वैभव म्हणाला.

"मग भरतंय का कोणी?"

"नाही मॅडम. नुसत्या मीटिंगा होतात."

पुढे विद्यार्थी घटले. विभाग ठेवायचा की बंद करायचा, हे ठरवायला समिती येणार होती. मॅडमची सगळी मदार माझ्यावर. आदल्या दिवशी उपप्राचार्य हितेंद्र सर डोकावले. माझे तुटके थर पाहून ते ओशाळले. पाहुण्यांसमोर हे असं? मॅडम नसताना त्यांनी थर सपाट करून घेतले आणि फळी हलते म्हणून सरसाने चिकटवून टाकली.

समितीसमोर मॅडमनी फळी ओढली. हलेना. पुन्हा ओढली.

"ही पेटी करते काय?" समितीतल्या बाईंनी विचारलं.

"काही नाही," सर अभिमानाने म्हणाले. "एकदम मजबूत आहे."

मॅडमनी स्क्रू ड्रायव्हरने सरस फोडला आणि दोन्ही हातांनी फळी खेचली. माझी एक काच तडकली, पण मी खचले, अगदी मनापासून. बाई खुर्ची सोडून वाकल्या, चिमटीत रांगोळी घेतली. "थांबा, मी भरते."

विभाग राहिला. मॅडमना नवी पेटी मंजूर झाली. मला सन्मान मिळाला. सरांनी मला पुन्हा सपाट केलं, चिकटवलं आणि दाराशी मांडून पाटी लावली: 'हात लावू नये'.

जमीन सरकते आहे, समुद्रात गाळ साचतो आहे आणि मी इथे फोटोत चांगली दिसते. मित्रांनो, जुन्या वस्तू जपाव्यात, असं शाळेच्या निबंधांतून आम्ही सगळ्या सांगत आलो. मला जपायचं तर पाटी वाचा आणि फळी ओढा. जरा जोर लावून.