जेवणानंतरचा तास

त्या घरात संध्याकाळचं जेवण म्हणजे तोंडी परीक्षा होती. ताटं वाढून झाली, की मावशी बोटांत बोटं गुंफायच्या आणि विचारायच्या, "हं, आज दिवसातली सगळ्यात छान गोष्ट कुठली?" ती प्रत्येकानं सांगायची, सुटका नाही. मावशी समुपदेशक होत्या. दिवसभर परक्यांची मनं मोकळी करायच्या आणि उरलेला जोर घरच्यांवर काढायच्या.

मावशी म्हणजे यजमानीण. विद्यार्थ्यांच्या अदलाबदलीच्या योजनेत एक सोळा वर्षांची मुलगी वर्षभरासाठी परदेशी आली होती आणि त्या वर्षात तीन घरं तिच्या वाट्याला होती. पहिल्या घरातल्या बाईंनी "मला आईच म्हण" असं सांगून आपली सगळी लहान पोरं तिच्या गळ्यात घातली होती. म्हणून या दुसऱ्या घरातही तोच आग्रह झाला, तेव्हा ती धास्तावून म्हणाली, "मावशी म्हटलं तर चालेल?" मावशींना ते फार गोड वाटलं. "तू पाहुणी नाहीस, मुलगी आहेस," असं त्यांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, आणि त्या दिवसापासून सगळं घर तिला पाहुणी म्हणू लागलं.

काका दातांचे डॉक्टर. समोरच्याच्या तोंडात हत्यारं घालून मग "काय, कसं काय चाललंय?" विचारायचं, अशी आयुष्यभराची सवय, त्यामुळे संभाषणाकडून त्यांच्या फारशा अपेक्षा नव्हत्या. त्यांची छान गोष्ट ठरलेली असे: "आज एक अक्कलदाढ सरळ निघाली." गावात एवढ्या अक्कलदाढा कुठून येत होत्या, देव जाणे. त्यांची मुलगी पाहुणीपेक्षा वर्षानं मोठी, म्हणून ताई. ती "हे जेवण" असं म्हणून मोकळी व्हायची. अडकायची ती पाहुणी.

मुळात ती कमी बोलणारी. त्यात भाषा परकी. वाचनालय सांगून झालं, वेळेवर आलेली बस सांगून झाली, हसलेल्या शिक्षिकाही संपल्या. मावशी मात्र म्हणायच्या, "अजून खोल जा ना, बाळा." पाहुणीला वाटायचं, आपण विहीर आहोत आणि ही बाई तळाशी गेलेली बादली शोधतेय.

एका संध्याकाळी तिचं डोकं ठणकत होतं. प्रश्न आला. ती म्हणाली, "मावशी, आमच्याकडे ना, जेवण झाल्यावर तासभर कुणी बोलत नाही."

घास हातातच राहिला मावशींचा. "का गं?"

आता का ते तिलाही माहीत नव्हतं. "दिवसभर ऐकून ऐकून घर दमलेलं असतं," ती म्हणाली. "त्याला जरा आराम."

मावशींच्या डोळ्यांत पाणी आलं. "घर दमलेलं असतं! ऐकलंत का हो? घर दमलेलं असतं!"

"खरंय," काका म्हणाले. इतक्या मनापासून ते लग्नातही 'हो' म्हणाले नसतील.

खरं सांगायचं तर पाहुणीच्या घरात घर सोडाच, भिंतीवरची पालदेखील गप्प बसली नसती. तिची आई पुढच्या खोलीत याच परक्या भाषेचे वर्ग घ्यायची. सकाळ-संध्याकाळ पोरं कोरसमध्ये क्रियापदं घोकायची. आतल्या खोलीत बाबा टीव्हीवरच्या बातम्यांशी भांडायचे, आणि बातम्या हरल्याशिवाय उठायचे नाहीत. दोघांच्या मधे मिक्सर. दाराबाहेर वर्गाची पाटी होती आणि तिच्यावर विमानतळावर बॅग धरून उभ्या असलेल्या लेकीचा मोठा फोटो. आईचा सगळा वर्ग त्या फोटोवर उभा होता.

आणि योजनेचे प्रमुख, ज्यांना सगळी मुलं शिट्टीसर म्हणत, कारण व्यायामशिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त झाले तरी शिट्टी गळ्यातून निवृत्त झाली नव्हती, त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "यजमानांशी खोटं बोललात, की पुढचं विमान." मागच्या वर्षी एकानं पोहता येतं म्हणून सांगितलं होतं. त्याला तलावातून काढला तो ओल्या कपड्यांनिशीच घरी पाठवला, असं मुलं सांगत. पाहुणीच्या डोळ्यांपुढे पाटीवरून उतरवलेला फोटो आला. पण तोवर मावशींनी तोंडावर बोट ठेवलं होतं, आणि घरात जे काही पसरलं, ते इतकं सुंदर होतं, की खोटं परत घ्यायचं धैर्य तिला झालं नाही. फ्रिजची गुणगुण ऐकू येत होती. काका संत्रं सोलत होते. ती कित्येक दिवसांनी पुस्तकाचं पान शेवटपर्यंत वाचत होती.

दुसऱ्या दिवशी बसस्टॉपवर ताईनं तिला गाठलं. "थापा मारतेस ना?"

पाहुणीचा चेहराच उतरला. "कुणाला सांगणार आहेस?"

"वेडी आहेस का? जन्मात पहिल्यांदा माझ्या कानांना सुट्टी मिळालीये. मार अजून. सुट्टीच्या दिवशी सकाळीसुद्धा नाही का बोलत तुमच्याकडे? आठवून बघ जरा."

पण मौनासारखी गोष्ट मावशींच्या पोटात राहील, हे शक्य नव्हतं. त्या शेजारणीशी मौनाविषयी बोलल्या, आपल्याकडे येणाऱ्यांशी बोलल्या, फोनवर बोलल्या, भाजी घेता घेता बोलल्या. बघता बघता दर रविवारी वाचनालयाच्या सभागृहात मौनाचा तास सुरू झाला. आणि मौन म्हणजे काय, हे समजावून सांगायला पुढच्या खुर्चीवर कोण? पाहुणी. मौन तासभर, पण त्याआधी तिचं बोलणं दीड तास. शिवाय शंकानिरसन.

"खोकला आला तर?" एका बाईंनी विचारलं.

"खोकला चालतो."

"आणि शिंक?"

सगळंच चालतं म्हटलं, तर लोकांना परंपरेत दम वाटणार नाही, असं पाहुणीला वाटलं. "शिंक नाही चालत," ती म्हणाली.

झालं. पोस्टातून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते, बारमाही सर्दीचे. त्यांना त्या दिवसापासून सभागृहाबाहेर, चपलांजवळ बसवण्यात आलं. दाराच्या फटीतून ते आशेनं आत बघायचे. पाहुणीला त्यांच्याकडे बघवायचं नाही.

घरी तर आणखीच कठीण. जेवणानंतरचा तास आता पुढच्या रविवारच्या भाषणाची तयारी करण्यात जाई, तोही मावशींच्या खुणा बघत. बोलायचं नसल्यामुळे त्या आता हातवाऱ्यांनी 'अजून खोल जा' म्हणायला शिकल्या होत्या.

मग एका रविवारी शिट्टीसर आले. तासभर ताठ बसले, शेवटी उठून म्हणाले, "उत्तम! पुढच्या रविवारी हिच्या आईवडिलांनाच पडद्यावर आणू. त्यांच्याच तोंडून ऐकू. वेळ जमतेय, त्यांची दुपारची जेवणं तेव्हाच आटोपतात." मग पाहुणीकडे वळून म्हणाले, "आनंद झाला ना?"

पाहुणीनं मान हलवली. तिला समोर फक्त विमान दिसत होतं.

आईला आधी सांगून ठेवायला हवं होतं. तिनं फोन लावला. "आई, एक महत्त्वाचं सांगायचंय."

"सांग की. पण त्याआधी हे ऐक, काल काय झालं..." काल बरंच काही झालं होतं. ते संपेपर्यंत आईचा वर्ग भरला. पुढच्या दिवशी पुन्हा फोन. "आई, माझं ऐकून घे, ते रविवारचं..." "अगं, माहितीये! सरांचा फोन आला होता. कौतुक करणार आहेत ना तुझं? नवीन कपडे शिवायला टाकलेत मी. बाबांना म्हटलं, तुम्ही मागे उभे राहा आणि तोंड उघडू नका." तिसऱ्यांदा तिनं संदेश लिहून पाठवला. उत्तरादाखल आईकडून शिवून आलेल्या कपड्यांचा फोटो आला. आई स्वतः लिहायची भरपूर. दुसऱ्याचं वाचायला तिला कधी वेळ झाला नव्हता.

रविवारी सभागृह खचाखच भरलं. पडद्यावर आई प्रकटली, नव्या कपड्यांत, लग्नाला निघाल्यासारखी. मागे फळ्यावर क्रियापदं. बाबा दिसत नव्हते, पण बातम्या ऐकू येत होत्या.

"नमस्कार, नमस्कार!" आईनं अस्खलित परक्या भाषेत सुरुवात केली. "माझी मुलगी लहानपणापासूनच..."

"अहो," मावशींनी तिला मधेच अडवलं. अनुभवी बोलणारीलाच ते जमतं. "आधी आम्हाला तुमच्या मौनाच्या तासाबद्दल सांगा. तुमच्या घरात जेवणानंतर कुणी बोलत नाही ना, त्याबद्दल. तुमच्या मुलीनं आम्हाला तो शिकवला."

आई थांबली. पाहुणीनं आपल्या उभ्या आयुष्यात आईला वाक्याच्या मधे थांबलेलं पाहिलं नव्हतं.

पडद्याबाहेरून बाबांचा आवाज आला, घरच्या भाषेत. "कसलं मौन? आपल्याकडे?" आणि मग ते खो खो हसले.

"काय म्हणाले ते?" शिट्टीसर पुढे झुकले. त्यांचा हात शिट्टीकडे गेला.

आईनं वळूनही न बघता बाबांच्या दिशेनं हात उगारला. हसणं तुटलं. पाठोपाठ बातम्याही बंद झाल्या. मग आईची नजर पडद्यातून गर्दी चाचपत लेकीवर येऊन थांबली. चोरी पकडली की लहानपणी बघायची, तशी. 'घरी ये, मग बघते,' असं त्या नजरेत स्वच्छ लिहिलेलं होतं. आणि आईनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं, जेवण झाल्याची खूण म्हणून पोटावर हात ठेवला, आणि तेच बोट ओठांवर नेलं.

सभागृहातून एक सुस्कारा उठला. प्रत्यक्ष मूळ स्थानावरचं मौन! शिट्टीसरांनी हात छातीवर ठेवला.

आई बसली. पहिल्या काही मिनिटांत तिच्या ओठांचे कोपरे हलत होते, उकळीवरच्या झाकणासारखे. मग तेही थांबले. पाहुणी बघत राहिली. आईच्या डोळ्यांखाली एवढं काळं कधी आलं? बोलणाऱ्या चेहऱ्यावर ते दिसलंच नव्हतं. या बाईला गप्प बसणं किती जड जात असेल, हे त्या सभागृहात एकट्या पाहुणीला कळत होतं. फोटो पाटीवर राहावा म्हणून की लेक तिथे राहावी म्हणून, हे मात्र तिला ठरवता आलं नाही. बहुधा आईलाही आलं नसतं.

आणि तेवढ्यात आई शिंकली. दणदणीत, फळा हलेल अशी.

सभागृहाचा श्वास अडकला. पाहुणीनं डोळे मिटले. शिट्टीसर मावशींकडे बघू लागले, मावशी पडद्याकडे. पडद्यावर आई नाक पुसून पुन्हा निवांत बसली होती. काही वेळानं मावशी हळूच उठल्या, दाराशी गेल्या आणि पोस्टातल्या गृहस्थांना हाताला धरून आत घेऊन आल्या, थेट पहिल्या रांगेत. गृहस्थांचे डोळे भरून आले होते. बसल्या बसल्या ते समाधानानं सलग शिंकले. कुणी काही म्हटलं नाही.

तास संपला. "मूळ परंपरेत शिंक चालते," मावशींनी गंभीरपणे जाहीर केलं. "आपणच कर्मठ होत चाललो होतो." आईनं तोंड उघडलं, पण तोवर शिट्टीसरांनी भारावून जाऊन पडदा बंद केला होता. "या मुलीला पुढच्या वर्षी पुन्हा बोलवायला हवं," ते डोळे पुसत म्हणाले.

पाहुणीच्या खिशात फोन थरथरू लागला. ती जिन्यात गेली. ताईही मागोमाग आली, मजा बघायला.

"आई, मी तुला सांगणारच होते..."

"तू गप्प बस. तासभर मी गप्प बसले, आता तू बस," आई म्हणाली. "खोटारडे! पण मी काय म्हणते, इथे गप्प बसून बसून माझ्या डोक्यात एक आलंय. शनिवारी संध्याकाळी मौनाचा वर्ग काढावा. पुढची खोली तेवढी एक संध्याकाळ रिकामीच असते. पाटीवर तुझा फोटो आहेच. फक्त लोकांना समजावून सांगायला कुणीतरी हवं. तू आलीस, की तू."

पाहुणीनं फोन कानापासून लांब धरला.

"काय, वाचलीस ना?" ताईनं विचारलं.

पाहुणी जिन्याच्या पायरीवर बसली. तिनं ताईकडे बघितलं, आणि काही न बोलता ओठांवर बोट ठेवलं. फोनमधून आई बोलतच होती.